कोकोस की गालापागोस? शार्कसाठी एकच सफर परवडत असेल तर

पूर्व पॅसिफिकमध्ये हॅमरहेड शार्कचे थवे पाहायचे, असे ठरवलेल्या डायव्हरपुढे बहुधा दोन नावे उरतात: कोस्टा रिकाचे कोकोस बेट आणि गालापागोसच्या उत्तर टोकाची डार्विन व वुल्फ ही बेटे. शार्कसाठी दोन्हींची ख्याती सारखीच आहे आणि दोन्हीकडे मुक्काम बोटीवरच असतो. त्यामुळे निवड करताना शार्क क्षणभर बाजूला ठेवून प्रवास, थंडी, खोली आणि प्रवाह यांचाच हिशेब मांडणे योग्य ठरते.

कोकोस मुख्य भूमीपासून सुमारे ५५० किलोमीटर दूर आहे. पुंतारेनासहून निघालेली बोट उघड्या समुद्रातून तीसहून अधिक तास चालते आणि परतीलाही तेवढाच वेळ लागतो, म्हणून ज्याला बोट लागते त्याने हे बेट यादीतून खोडलेले बरे. बेटावर राष्ट्रीय उद्यानाच्या रक्षकांखेरीज वस्ती नाही, म्हणजे पाण्याखाली काही बिघडले तर रुग्णालय दीड दिवसाच्या अंतरावर असते. गालापागोसला इक्वेडोरहून विमानाने जाता येते. तिथून डार्विन आणि वुल्फपर्यंतचा प्रवास बोटीने साधारण रात्रभराचा असतो. परदेशी पर्यटकांसाठी उद्यानाचे प्रवेशशुल्क ऑगस्ट २०२४ पासून २०० डॉलर झाले आहे, पण सफरीच्या एकूण खर्चापुढे ही रक्कम किरकोळच म्हणायची.

पाण्यात उतरल्यावर मात्र पारडे फिरते. कोकोसचे पाणी तुलनेने उबदार असले तरी हॅमरहेड बऱ्याचदा थर्मोक्लाइनच्या, म्हणजे पाण्याचे तापमान एकदम घसरते त्या पातळीच्या खाली, थंड थरात राहतात. बाहो अल्सिओने या बुडालेल्या डोंगराचा माथाच सुमारे २५ मीटरवर आहे. तिथे खडकाआड दबून, श्वास सावकाश सोडत थांबावे लागते, कारण छोट्या माशांकडून अंग साफ करून घ्यायला आलेला हॅमरहेड बुडबुड्यांच्या आवाजाने बिचकून वळतो. अशा खोलीवर नायट्रॉक्सचे, म्हणजे ऑक्सिजनचे प्रमाण वाढवलेल्या हवेवर डाइव्ह करण्याचे प्रशिक्षण ही चैन नसून गरज आहे. कोकोसलगतच्या मान्युएलिता या छोट्या बेटाजवळची रात्रीची डाइव्ह याच्या अगदी उलट: व्हाइटटिप शार्क टॉर्चच्या प्रकाशाचा फायदा घेत कपारीतले मासे हुसकतात आणि डायव्हरची पर्वाही करत नाहीत. याच परिसरात २०१७ मध्ये टायगर शार्कच्या हल्ल्यात एका डायव्हरचा मृत्यू झाला. अशी घटना अत्यंत विरळ असली, तरी निर्णय घेणाऱ्याला ती ठाऊक असावी.

डार्विन आणि वुल्फचा खरा परीक्षक म्हणजे प्रवाह. हातमोजे घालून खडकाला धरून राहायचे आणि बुडबुडे वर जाण्याऐवजी आडवे किंवा खाली जाऊ लागले की मार्गदर्शकाकडे लक्ष ठेवायचे, ही तिथली रीत आहे. जून ते नोव्हेंबर या थंड काळात पाण्यासाठी जाड वेटसूट लागतो, मात्र त्याच महिन्यांत डार्विनजवळून महाकाय व्हेल शार्क जातात, त्यातही बहुतांश माद्या. डार्विनची प्रसिद्ध कमान १७ मे २०२१ रोजी कोसळली. जुनी छायाचित्रे पाहून जाणाऱ्याला आता दोन खांबच दिसतील.

तारकर्ली आणि अंदमानमधल्या निवांत डाइव्हच्या बळावर यांपैकी कुठेही थेट जाणे मला शहाणपणाचे वाटत नाही. आधी मालदीवच्या खाड्यांमध्ये वाहत्या पाण्यातल्या डाइव्हचा सराव करावा आणि सुरक्षा बोया पाण्याखालूनच वर सोडता यायला हवा, कारण प्रवाहात भरकटलेल्या माणसाला बोटीवरून शोधण्याची ती पहिली खूण असते. हा सराव झालेला, समुद्र सोसणारा आणि शार्कशिवाय दुसरे काही न मागणारा डायव्हर असेल, तर माझा कौल कोकोसला. व्हेल शार्क पाहायचा असेल, सोबत डाइव्ह न करणारा जोडीदार असेल, किंवा समुद्री इग्वाना आणि कासवेही त्याच प्रवासात पाहायची असतील, तर गालापागोस निवडावे. अशा वेळी डायव्हिंगच्या आठवड्याला जोडून सांता क्रुझ बेटावर आणखी काही दिवस राखून ठेवावेत, कारण उत्तरेकडच्या डाइव्ह बोटींच्या वेळापत्रकात जमिनीवरच्या भटकंतीला फारशी जागा नसते.