टाकीवर टूके क्लिअरच मारा, पैसे गेले तरी चालतील

येझदी रोडकिंग बाइकची पेट्रोलची टाकी घरीच रंगवली. लांबी (पुट्टी), प्रायमर, काळा रंग हे सगळं नेहमीचंच, त्यात सांगण्यासारखं काही नाही, रिव्ह्यू आहे तो वरच्या टूके क्लिअरच्या, म्हणजे रंगावर मारायच्या दोन घटकांच्या (क्लिअर आणि हार्डनर) पारदर्शक कोटच्या स्प्रे कॅनचा. कुर्ल्याला सीएसटी रोडवर घेतला, साध्या क्लिअरच्या तिपटीहून महाग पडला आणि दुकानदार स्वतःच म्हणत होता की कशाला, साधा मारा ना, चमक सेमच येते.

चमक येते हो, पण टिकत नाही ना. टू-स्ट्रोक गाडी, ऑइल पेट्रोलमध्येच मिसळायचं, दर वेळी झाकणाशी थोडं सांडतंच. साधा क्लिअर नुसता थिनर उडून सुकतो, त्यामुळे पेट्रोल लागलं की परत विरघळतो. टूकेमध्ये हार्डनर असतो, तो रिअ‍ॅक्शन होऊन कडक होतो, मग पेट्रोलला दाद देत नाही. मी एका पत्र्यावर अर्ध्या भागात साधा आणि अर्ध्यात टूके मारून, नीट वाळू देऊन, पेट्रोलचं फडकं घासून बघितलं. साधा चिकट झाला, फडक्याला काळा रंग आला. टूकेवर ओरखडा नाही.

वापरायला सोपा आहे. बुडाला बटण असतं, ते दाबलं की आतला हार्डनर फुटतो, मग दोन मिनिटं दणकून हलवायचा. पण एकदा फुटला की कॅन ठेवून देता येत नाही, आत घट्ट होतो, म्हणून गाडीच्या साइडची झाकणं वगैरे आधीच घासून तयार ठेवा. स्प्रे छान पसरट येतो, फक्त टाकीच्या खालच्या कडेला हात जरा रेंगाळला की ओघळ आलाच, तिथे पातळ कोट द्या.

आणि मास्क. ह्यात आयसोसायनेट हे श्वासाला घातक केमिकल असतं, कोविडवाला मास्क काही कामाचा नाही, केमिकल व्हेपरचा कार्ट्रिजवाला घ्या, हातमोजे घाला आणि काम गच्चीवर मोकळ्या हवेतच करा, घरात अजिबात नको, शेजारी पोरं खेळत असतील तर तेव्हाही नको. कॅनवर ही सूचना इतक्या बारीक अक्षरात छापलीय की भिंग लागेल, ह्याचा एक स्टार कापला. पावसाळ्यात तर हात लावू नका, मुंबईच्या दमट हवेत क्लिअर दुधाळ पडतो, डिसेंबर-जानेवारी बेस्ट.

एका कॅनमध्ये टाकी आणि साइडची झाकणं आरामात होतात, मडगार्डं पण करायची असतील तर दुसरा घ्यावा लागेल.