ऊस ठेवायचा की डाळिंब लावायचं?

माढा, पंढरपूर, माळशिरस भागात उजनी धरणाच्या पाण्यावर ज्यांचा ऊस आहे, त्यांच्या घरात खोडवा (तोडलेल्या उसाच्या बुडख्यांवर पुन्हा फुटलेलं पीक) मोडायची वेळ आली की हा विषय निघतोच. शेजारच्या सांगोल्यात डाळिंबाने माळरानावर बंगले उभे राहिले, हे सगळ्यांनी पाहिलंय. आणि त्याच सांगोल्यात मर रोग व खोडकिडीमुळे उभ्या बागा जेसीबी लावून काढाव्या लागल्या, हेही पाहिलंय.

उसाचा सगळ्यात मोठा आधार म्हणजे किमान भाव आधीच ठरलेला असतो. २०२५-२६ च्या हंगामाची एफआरपी, म्हणजे कारखान्याने द्यायचा हा किमान भाव, १०.२५ टक्के साखर उताऱ्याला टनामागे ३,५५० रुपये आहे. उताऱ्याप्रमाणे ती कमी-जास्त होते, शिवाय तोडणी-वाहतूक वजा होते. ऊस गेल्यावर १४ दिवसांत पैसे देणं कायद्याने बंधनकारक आहे, उशीर झाल्यास १५ टक्के व्याज. ही मुदत सगळीकडे पाळली जात नाही, म्हणून ऊस कुठे घालायचा ते ठरवताना मागच्या हंगामाची बिलं कधी निघाली ते आधी विचारा. पीक मात्र राकट आहे. घरात लग्नकार्य निघालं, आठवडाभर रानात जाणं झालं नाही, तरी ऊस तग धरतो.

त्याचा धोका सावकाश येतो, म्हणून लक्षात येत नाही. वर्षानुवर्षं पाटाने भरमसाट पाणी दिलं की जमीन क्षारपड होत जाते आणि एकरी टनेज घसरतं. आडसाली ऊस १६ ते १८ महिने शेत अडवतो, त्यामुळे त्याचं बिल एका वर्षाची कमाई म्हणून धरू नका. पावसाने ओढ दिली आणि कालव्याच्या पाण्याचं आवर्तन (पाळी) हुकलं, तर तोच ऊस चाऱ्याला तोडावा लागतो.

डाळिंबाला पाणी उसापेक्षा खूपच कमी लागतं, आणि चांगल्या रंगा-आकाराच्या ‘भगवा’ जातीच्या डाळिंबाला मिळणारा पैसा उसाला कधीच मिळणार नाही. पण १५ बाय १० फुटांवर एकरी साधारण २९० झाडं लावली, तर पहिला बहार (फळांचा हंगाम) धरायला दोन वर्षांच्या आसपास थांबावं लागतं. तोवर ठिबक, कलमं, खतं, फवारण्या सगळा खर्चच. पुढेही भाव रोज बदलतो.

खरी भीती तेल्या रोगाची. सलग दोन-तीन दिवस झिमझिम पाऊस आणि ढगाळ हवा राहिली की पानावर बारीक, पाणी भरल्यासारखे तेलकट ठिपके दिसतात. मग फळावर काळे डाग पडतात, डागावर फळ तडकतं, आणि महिनाभरात विकायला निघणारा माल बांधावर फेकावा लागतो. पावसाळ्याच्या सुरुवातीला धरलेल्या मृग बहारात फळं ऐन पावसाळ्यात वाढतात, त्यामुळे हा धोका जास्त. पावसाळा सरताना धरलेल्या हस्त बहारात कमी, पण पाऊस लांबला तर फुलं येण्यासाठी पाणी तोडून झाडाला द्यायचा ताण नीट बसत नाही. या पिकाला रोज झाडाखाली वाकून पाहणारा माणूस लागतो. नोकरी पुण्यात आणि बाग वाटेकऱ्याकडे, अशा बागांची मला काळजी वाटते.

माझ्या मते हा निर्णय भावापेक्षा मातीवर घ्यावा. भारी काळं, पाणी धरणारं रान असेल तर डाळिंबाचा नाद सोडा. तिथे मुळं गुदमरतात आणि मर लागते. त्या रानात ऊसच ठेवा, पण ठिबकवर घ्या आणि पाचट जाळू नका. हलकं, मुरमाड, निचऱ्याचं रान असेल तर तिथे ऊस ओढत बसण्यात अर्थ नाही. तरीही सगळा ऊस एकदम मोडू नका. एकरभर डाळिंब लावा आणि बाकीच्या उसाच्या बिलावर घर चालू द्या. पहिली दोन वर्षं कर्जाचे हप्ते बागेवर टाकावे लागणार असतील तर थांबा, कारण तेव्हा बाग काहीच देत नाही.

कलमं मात्र स्वस्तात मिळतात म्हणून कुठूनही उचलू नका. तेल्या रोपांबरोबरच शेतात येतो. गुटी कलम (झाडावरच फांदीला मुळं फोडून केलेलं रोप) ज्या मातृबागेतलं आहे, ती बाग पावसाळ्यात स्वतः जाऊन बघा. पानावर एक जरी तेलकट ठिपका दिसला, तरी मागे फिरा.