माराच्या ‘फोटो टूर’ची जाहिरात आणि प्रत्यक्षातली व्हॅन

पुण्यातल्या एका आयोजकाने केनियातल्या मसाई मारा राखीव क्षेत्राच्या जुलैमधल्या फोटो टूरची जाहिरात केली होती: एका गाडीत तिघेच, बाजूने उघडी लँड क्रूझर, लेन्स टेकवायला बीनबॅग, मुक्काम खासगी कॉन्झर्व्हन्सीत (राखीव क्षेत्राला लागून असलेली, वन्यजीवांसाठी राखलेली खासगी जमीन). सिंह, चित्ता, बिबट्या ‘अगदी जवळून’. यातलं ‘जवळून’ कॉन्झर्व्हन्सीवरच अवलंबून असतं. नाबोईशो, मारा नॉर्थ अशा ठिकाणी मुक्कामी पाहुण्यांना रस्ता सोडून गाडी नेता येते, रात्रीची फेरीही मिळते. नारोक काउंटी (तिथलं जिल्हा प्रशासन) चालवते त्या मुख्य राखीव क्षेत्रात दोन्हीला मनाई.

नैरोबीत समोर आली छप्पर वर उचलणारी मिनीव्हॅन, आणि आम्ही सहा जण. एकाने नुसती कूस बदलली की सगळ्यांच्या फ्रेम हलणार. शिवाय छपरातून चित्त्याची पाठ दिसते, डोळे नाहीत.

मुक्काम राखीव क्षेत्राच्या सेकेनानी गेटच्या बाहेर. गेट सहाला उघडणार, त्यापुढे रांग, आणि सिंहांपर्यंत पोहोचेस्तोवर कोवळं ऊन गेलेलं.

पहिल्याच संध्याकाळी आयोजक म्हणाला, “पार्कची फी अचानक दुप्पट झालीय. माणशी रोजचे १०० डॉलर वर द्या, रोख.” अचानक कसली! परदेशी प्रौढांना जानेवारी ते जून १०० आणि जुलै ते डिसेंबर २०० डॉलर, हा दर २०२४ पासून लागू आहे. तिकीट सकाळी सहा ते संध्याकाळी सहा एवढंच चालतं, त्यामुळे गेटबाहेर राहणाऱ्याला रोज नवं. ते वाचवण्यासाठी आमचा एक अख्खा दिवस ‘मसाई गावाची भेट’ म्हणून काढला. त्या भेटीचे पैसे पुन्हा वेगळे.

ड्रायव्हर मात्र भला माणूस. त्याने आपल्याकडचा कागद दाखवला, त्यावर फोटो टूरचा उल्लेखच नव्हता. आयोजकाने स्थानिक कंपनीकडून सगळ्यात स्वस्त मिनीव्हॅन पॅकेज घेऊन आम्हाला तिप्पट भावाने विकलं होतं.

आमच्या पावतीवर फक्त ‘केनिया टूर, आगाऊ रक्कम’. त्यामुळे पैसे भरण्याआधी कॅम्पचं नाव, गाडीचा प्रकार, गाडीतली माणसं आणि पार्कची तिकिटं किती दिवसांची, हे लेखी घ्या. कॅम्प गेटच्या आत आहे, बाहेर आहे की कॉन्झर्व्हन्सीत, ते नकाशावर घरबसल्या कळतं. टाळाटाळ झाली तर तिथेच थांबा.

आम्ही परतलो तोवर जाहिरात गायब झाली होती. गटातल्या एकीकडे स्क्रीनशॉट होता, म्हणून ग्राहक आयोगात तक्रार तरी दाखल झाली.