मुंबई पाहावी जोडीजोडीने: काही महिन्यांच्या भटकंतीनंतरचा अनुभव

नोकरीनिमित्त आम्ही मुंबईत राहायला आलो आणि घरी पाहुण्यांचा राबता सुरू झाला. येणाऱ्या प्रत्येकाला मुंबई पाहायची असते, त्यामुळे पावसाळ्यापासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत शहरातील बहुतेक नावाजलेली ठिकाणे मी निरनिराळ्या वयाच्या माणसांबरोबर पाहिली, आणि त्यांतली काही पुन्हा पुन्हा पाहिली. या अनुभवातून माझे एक मत पक्के झाले आहे. मुंबईतील ठिकाणांची यादी करून ती एकामागून एक उरकली, तर हाती छायाचित्रांपलीकडे फारसे काही लागत नाही. याउलट एकमेकांशी नाते असलेली दोन ठिकाणे जोडून, मध्ये पुरेसा वेळ ठेवून पाहिली, तर दुसरे ठिकाण पहिल्याचा अर्थ उलगडते.

सुरुवातीला आम्ही एका खासगी बससहलीने गेलो होतो. सकाळी निघून रात्री परतेपर्यंत ठिकाणे पुष्कळ झाली, परंतु निम्मी बसच्या खिडकीतून दाखवली गेली आणि वस्तुसंग्रहालयासारख्या जागेला जेमतेम अर्धा तास मिळाला. ज्यांना शहराची केवळ तोंडओळख हवी आहे, त्यांना ही सहल पुरेशी वाटेल. ज्यांच्याकडे दोन-तीन दिवस आहेत, त्यांनी मात्र लोकल, मेट्रो आणि स्वतःचे पाय यांवर भिस्त ठेवावी, असे मी मनापासून सांगेन. दक्षिण मुंबईतील बहुतेक महत्त्वाच्या वास्तू एकमेकींपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत.

मला सर्वांत समृद्ध वाटलेली जोडी म्हणजे घारापुरी आणि भायखळ्याचे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय. गेटवेवरून लाँचने साधारण तासाभरात बेटावर पोहोचता येते. प्रशासकीयदृष्ट्या हे बेट रायगड जिल्ह्यात येते, तरी मुंबईच्या पाहुण्याला ते मुंबईचेच वाटते. लेणी सोमवारी बंद असतात आणि पावसाळ्यात समुद्र खवळलेला असला की लाँच सुटत नाहीत, म्हणून या ठिकाणासाठी हिवाळा धरावा. धक्क्यावरून छोट्या गाडीने किंवा चालत पुढे गेल्यावर सुमारे १२० पायऱ्या चढाव्या लागतात. दोन्ही बाजूंना दुकाने असल्याने सावली मिळते. माझ्या आईचे गुडघे दुखतात, तरीही थांबत थांबत ती वर आली. ज्यांना चढणे शक्यच नाही, त्यांच्यासाठी डोलीची सोय असते. हातात खाऊची पिशवी उघडी ठेवू नये, कारण तिथली माकडे ती हिसकावून नेतात. भारतीय नागरिकांना लेण्यांच्या प्रवेशासाठी ४० रुपये पडतात, आणि बेटावर उतरताना ग्रामपंचायतीचा नाममात्र कर वेगळा द्यावा लागतो.

मुख्य लेणे सहाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास खोदले गेले असे मानतात आणि बहुतेक अभ्यासक त्याचा संबंध कलचुरी राजवटीशी जोडतात. त्याचे तोंड उत्तरेकडे आहे, तर सदाशिवाची सुमारे साडेपाच मीटर उंचीची त्रिमुखी मूर्ती दक्षिणेच्या भिंतीत, अगदी आतल्या अंधारात आहे. बाहेरच्या लख्ख उन्हातून आत शिरलेला माणूस लगेच मूर्तीसमोर जाऊन छायाचित्र काढतो आणि निघून जातो, त्यामुळे त्याला ती खऱ्या अर्थाने दिसतच नाही. डोळ्यांना त्या अंधाराची सवय होईपर्यंत खांबांच्या आड निवांत बसावे. मग आपल्या डाव्या हाताचे मुख उग्र आहे, उजव्या हाताचे कोमल, स्त्रीसुलभ आहे आणि मधले पूर्ण शांत आहे, हे हळूहळू लक्षात येऊ लागते. सदाशिवाच्या एका बाजूला अर्धनारीश्वर आणि दुसऱ्या बाजूला गंगाधर शिव कोरलेला आहे. हे तिन्ही पट सलग पाहिल्यावर एकाच दैवताची निरनिराळी रूपे शिल्पकाराने किती विचारपूर्वक शेजारी ठेवली आहेत ते जाणवते. याखेरीज कल्याणसुंदर (शिवपार्वतीचा विवाह), रावणानुग्रह (कैलास हलवू पाहणारा रावण), अंधकासुरवध आणि नटराज हे पटही आहेत. अनेक मूर्तींचे हातपाय भग्न झालेले आहेत, तरी कल्याणसुंदराच्या पटातील पार्वतीची लाजरी मान पाहून माझी भाची बराच वेळ तिथून हलली नाही.

या बेटाला पोर्तुगिजांनी ज्या दगडी हत्तीवरून एलिफंटा हे नाव दिले, तो हत्ती मात्र बेटावर नाही. १८६४ मध्ये तो इंग्लंडला नेण्यासाठी उचलताना खाली पडून त्याचे तुकडे झाले. ते मुंबईत आणून पुढे १९१४ मध्ये पुन्हा जोडण्यात आले, आणि आज हा हत्ती भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात उभा आहे. घारापुरी पाहिलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी या हत्तीसमोर उभे करावे. त्याच्या अंगावरचे सांधे पाहताना बेटाची गोष्ट पुरी होते. १८७२ मध्ये लोकांसाठी खुले झालेले हे संग्रहालय मुंबईतील सर्वांत जुने आहे. त्याच्यासाठी निधी उभारण्यात डॉ. भाऊ दाजी लाड यांचा मोठा वाटा होता. ते वैद्यकीचा व्यवसाय करीत आणि प्राचीन शिलालेखांचा अभ्यासही करीत. १९७५ मध्ये त्यांचे नाव संग्रहालयाला देण्यात आले. आत मोठमोठ्या दुर्मीळ वस्तूंची अपेक्षा ठेवून जाऊ नये. इथे जुन्या मुंबईचे नकाशे आहेत आणि शहरातील निरनिराळ्या समाजांची, कारागिरांची मातीची छोटी प्रारूपे आहेत, आणि तीच या जागेची खरी श्रीमंती आहे. माझ्या वडिलांनी सर्वांत जास्त वेळ या प्रारूपांसमोर घालवला.

संग्रहालयाला लागूनच राणीची बाग आहे. मुलांना तिथले पेंग्विन पाहायचे असतात. ते २०१६ मध्ये आले आणि पुढच्या वर्षापासून लोकांना पाहायला मिळू लागले. मोठ्यांनी तिथली झाडे पाहावीत, असे मी आग्रहाने सांगेन. गोरखचिंचेचे अवाढव्य खोड, उर्वशीच्या लोंबत्या फुलांचे घोस आणि खोडालाच फुले धरणारा कैलासपती या एकाच बागेत भेटतात. बाग आणि संग्रहालय दोन्ही बुधवारी बंद असतात.

घारापुरीचा दुसरा जोडीदार म्हणजे बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातील कान्हेरी, आणि सर्व ठिकाणांमध्ये माझा जीव इथेच सर्वाधिक रमला. घारापुरीला एका महान मूर्तीपुढे आपण उभे राहतो, तर कान्हेरीला शंभरांहून अधिक लेण्यांची एक अख्खी वस्ती आपल्यापुढे पसरलेली असते. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकापासून सुमारे हजार वर्षे भिक्षू इथे राहिले. पावसाळ्यात गेल्यावर त्यांनी ही वस्ती कशी चालवली ते प्रत्यक्ष दिसते: डोंगरावरून येणारे पाणी खडकात कोरलेल्या पन्हळींतून लेण्यांशेजारच्या पोढ्यांमध्ये, म्हणजे खडकात खोदलेल्या टाक्यांमध्ये, जाऊन साठते. चार महिन्यांच्या पावसावर वर्षभराची गुजराण करण्याचे हे नियोजन माझ्या अभियंता मामांना इतके आवडले की मूर्तींपेक्षा त्यांनी पन्हळीच अधिक निरखल्या. तिसऱ्या क्रमांकाचे चैत्यगृह, म्हणजे स्तूप असलेले प्रार्थनागृह, सातवाहन राजा यज्ञ सातकर्णीच्या काळातील, म्हणजे दुसऱ्या शतकाच्या अखेरीच्या सुमारचे आहे. त्याच्या व्हरांड्याच्या दोन्ही टोकांना सुमारे ७ मीटर उंचीचे बुद्ध उभे आहेत, ते नंतरच्या काळातील आहेत. कल्याणसारख्या बंदरांतील व्यापाऱ्यांनी दिलेल्या दानांचे लेख इथल्या भिंतींवर आहेत, आणि ९० क्रमांकाच्या लेण्यात अकराव्या शतकाच्या सुरुवातीला येऊन गेलेल्या पारशांनी पहलवी या जुन्या इराणी भाषेत कोरलेले लेखही आहेत. मुंबईत सगळीकडून माणसे येतात हे आपण नेहमी म्हणतो, पण त्याचा हजार वर्षांपूर्वीचा लेखी पुरावा जंगलातल्या एका डोंगरावर वाचायला मिळावा, याचे मला अतिशय अप्रूप वाटले.

कान्हेरीसाठी उद्यानाचे आणि लेण्यांचे अशी दोन वेगळी तिकिटे काढावी लागतात. उद्यानाच्या दारापासून लेणी काही किलोमीटर आत आहेत, त्यामुळे परतीच्या वाहनाची वेळ आधीच विचारून ठेवावी. हेही ठिकाण सोमवारी बंद असते. पावसात पायऱ्यांवर शेवाळ धरते, म्हणून पकड असलेली पादत्राणे घालावीत आणि वयस्कर मंडळींना खालच्या काही लेण्यांपलीकडे नेऊ नये. उन्हाळ्यात दुपारी इथला कातळ असह्य तापतो.

आता शहराच्या गर्दीतील जोड्यांकडे वळतो. गेटवे ऑफ इंडिया पाहायला वेळ लागत नाही. राजे पाचवे जॉर्ज यांच्या १९११ मधील आगमनाच्या स्मरणार्थ बांधलेली ही कमान १९२४ मध्ये खुली झाली, आणि फेब्रुवारी १९४८ मध्ये शेवटची ब्रिटिश लष्करी तुकडी इथूनच मायदेशी परतली, एवढे सांगून मी पाहुण्यांना छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाकडे नेतो. दोन्ही वास्तू वास्तुविशारद जॉर्ज विटेट यांच्याच. विजापूरच्या गोल घुमटावरून प्रेरणा घेतलेला संग्रहालयाचा घुमट पाहिल्यावर, देशी वास्तुशैलीतील घटक त्यांनी दोन्हीकडे कसे वापरले हे समजते. इमारत १९१४ मध्ये तयार झाली, पहिल्या महायुद्धात तिथे सैनिकांसाठी रुग्णालय होते आणि संग्रहालय म्हणून ती १९२२ मध्ये खुली झाली. मीरपूरखासच्या स्तूपातील मृण्मय शिल्पे, लघुचित्रे आणि प्राचीन ॲसिरियातील निमरूद येथील शिल्पपट ही तीन दालने चुकवू नयेत. सगळे एका दिवसात पाहण्याचा हट्ट धरला की दुसऱ्या मजल्यापर्यंत नजर थकते. आम्ही दोन-तीन दालने निवडतो आणि बाहेर पडून शेजारच्या जहांगीर कलादालनात जातो, जिथे १९५२ पासून चित्रप्रदर्शने भरतात आणि प्रवेशासाठी पैसे पडत नाहीत.

ओव्हल मैदान ही तर जागच्या जागी तयार असलेली जोडी आहे. पूर्वेला गॉथिक शैलीतील उच्च न्यायालय, मुंबई विद्यापीठ आणि राजाबाई टॉवर, तर पश्चिमेला १९३० च्या दशकातील आर्ट डेको इमारतींची रांग. या दोन शैलींतील ९४ इमारतींच्या समूहाला २०१८ मध्ये जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली. इथे वेळेला फार महत्त्व आहे. सकाळचे ऊन पश्चिमेकडच्या इमारतींच्या दर्शनी भागावर पडते, तेव्हा त्यांचे गोलाकार सज्जे आणि खिडक्यांवरचे पातळ छज्जे उठून दिसतात. संध्याकाळी तेच ऊन समोरच्या गॉथिक दगडावर येते आणि राजाबाई टॉवर उजळून निघतो. १८७८ मध्ये पूर्ण झालेल्या या मनोऱ्यासाठी प्रेमचंद रायचंद यांनी देणगी दिली आणि आईचे नाव त्याला द्यावे अशी इच्छा व्यक्त केली. त्याचा आराखडा करणारे जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट स्वतः कधीही मुंबईत आले नाहीत.

छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस आणि त्याच्या समोरची महापालिकेची इमारत या दोन्ही वास्तुविशारद एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांच्या आहेत. रोज तिथून प्रवास करणाऱ्यालाही मी सांगेन की एखाद्या रविवारी सकाळी गर्दी नसताना स्थानकाच्या दगडावरील पाने, पक्षी आणि प्राणी शांतपणे पाहावेत. हे कोरीवकाम करण्यात जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांचा हात आहे. प्रवेशद्वाराच्या खांबांवर एका बाजूला सिंह आणि दुसऱ्या बाजूला वाघ बसलेला आहे, आणि लहान मुलांना तो शोधायला लावला की ती आपोआप वर पाहू लागतात.

चौपाटी, हाजी अली आणि महालक्ष्मी यांविषयी पाहुण्यांना आधीच माहीत असते, म्हणून इथे विस्तार करीत नाही. हाजी अलीला जाण्यापूर्वी भरतीची वेळ मात्र पाहावी. वाळकेश्वरच्या बाणगंगा तलावाकडे फार थोडे लोक वळतात याचे मला वाईट वाटते. समुद्र हाकेच्या अंतरावर असूनही तिथले पाणी गोडे आहे, आणि आईला संपूर्ण दक्षिण मुंबईत बसायला सर्वांत प्रिय वाटलेली जागा म्हणजे तिथल्या पायऱ्या. गांधीजींचे १९१७ ते १९३४ या काळातील मुंबईतील मुक्कामाचे ठिकाण असलेले गावदेवीचे मणिभवन त्याच दिवशी पाहून होते.

एका तक्रारीचा उल्लेख करणे मला आवश्यक वाटते. काही ठिकाणी नेमलेल्या मार्गदर्शकांनी आम्हांला दंतकथाच इतिहास म्हणून सांगितल्या, तर एका संग्रहालयातील माहितीफलक इतक्या मंद प्रकाशात होते की वडिलांना ते वाचताच आले नाहीत. मुले प्रश्न विचारतात आणि त्यांना चुकीचे उत्तर मिळते, ही गोष्ट मला क्षुल्लक वाटत नाही. म्हणून हल्ली मी निघण्याच्या आदल्या रात्री त्या ठिकाणाविषयी वाचून घेतो आणि घरच्यांना स्वतःच सांगतो.

ज्यांच्याकडे खरोखर एकच दिवस आहे, त्यांनी हिवाळ्यात सकाळच्या पहिल्या लाँचपैकी एखादीने घारापुरी गाठावी, दुपारी परतून वस्तुसंग्रहालयाची दोन दालने पाहावीत आणि ऊन कलल्यावर ओव्हल मैदानावर यावे. तो दिवस सोमवार असेल, तर सकाळ भायखळ्याला दगडी हत्तीपाशी आणि राणीच्या बागेत घालवावी. भर पावसाळा असेल तर कान्हेरीला पूर्ण दिवस द्यावा आणि बाकी सर्व पुढच्या खेपेसाठी ठेवावे.