‘ब्रेक-इन केलेले’ नायट्रो इंजिन आणि थंडीची सबब

रिमोटवर चालणाऱ्या छोट्या गाडीसाठी या हिवाळ्यात ब्रेक-इन करून दिलेले, म्हणजे सुरुवातीला जपून चालवून रुळवलेले, जुने नायट्रो इंजिन (नायट्रोमिथेन मिसळलेल्या इंधनावरचे छोटे इंजिन) विकत घेण्याचा ज्यांचा विचार असेल, त्यांनी पैसे देण्यापूर्वी माझा अनुभव वाचावा, अशी कळकळीची विनंती आहे. नाशिकजवळच्या एका विक्रेत्याने मला साडेतीन सीसीचे पुरते झिजलेले इंजिन जवळजवळ नवे म्हणून विकले, आणि त्यासाठी त्याने थंडीचा जो उपयोग करून घेतला, तो कळल्याशिवाय ही फसवणूक ओळखू येत नाही.

या इंजिनांच्या पिस्टनला रिंग नसते. ॲल्युमिनियमचा पिस्टन ज्या पितळी, आतून क्रोमचा मुलामा दिलेल्या स्लीव्हमध्ये (सिलिंडरच्या नळीत) चालतो, ती वरच्या टोकाला किंचित निमुळती असते. म्हणून थंड इंजिन हाताने फिरवले की पिस्टन वर पोहोचताना अडकल्यासारखा घट्ट लागतो. इंजिन शंभर अंश सेल्सिअसच्या आसपास तापले की स्लीव्ह प्रसरण पावते आणि पिस्टन नेमका बसतो. थंडीत ब्रेक-इन करायचा झाल्यास हेड (इंजिनाचा वरचा भाग) आधी हेअर ड्रायरने गरम करावे लागते, त्याभोवती फॉइल गुंडाळून वारा अडवावा लागतो, नीडल (इंधनाचे प्रमाण ठरवणारा स्क्रू) रिच, म्हणजे इंधन जास्त जाईल अशी, ठेवावी लागते आणि ग्लो प्लगजवळचे (इंधन पेटवणाऱ्या प्लगजवळचे) तापमान इन्फ्रारेड थर्मामीटरने पाहत राहावे लागते. ही काळजी न घेता गारठलेले इंजिन चालवत ठेवले, तर पिस्टन त्या निमुळत्या भागावर घासत राहतो, कनेक्टिंग रॉडवर ताण येतो आणि नव्या इंजिनाचे आयुष्य इंधनाच्या काही टाक्यांतच सरते.

विक्रेत्याला हे सर्व ठाऊक होते. जाहिरातीत त्याने ही पद्धत बारकाव्यांसह लिहिली होती आणि साडेनऊ हजारांच्या किमतीत दीड हजार रुपये केवळ या मेहनतीचे धरले होते. त्याने मला जानेवारीतल्या सकाळी सात वाजता गावाबाहेरच्या मैदानावर बोलावले, तेव्हा पारा दहा अंशांच्या खाली होता. माझ्या हाती फ्लायव्हील (इंजिन हाताने फिरवायचे चाक) देऊन तो म्हणाला, ‘बघा किती टाइट आहे, नवं कोरं इंजिनच असं लागतं.’ ग्लो प्लग तापवणारा इग्नायटर लावताच इंजिन सुरू झाले, सायलेन्सरमधून भरपूर निळसर धूर आला आणि गाडी व्यवस्थित पळाली. थोड्या वेळाने ती बंद पडली, तेव्हा ‘थंडीत असंच करतं साहेब, उन्हात बघा कसं पळतं,’ असे सांगून तो नीडलशी खटपट करीत राहिला. तेवढ्यात इंजिन निवले, पुन्हा चालू झाले आणि इंधन कशाला वाया घालवायचे म्हणून त्यानेच ते बंद केले. मी यूपीआयने पैसे दिले.

पुण्यात भर दुपारी, अंगाला चटका बसावा अशा उन्हात गाडी चालवली, तेव्हा थंडीची सबब उरली नव्हती. गार इंजिन पहिल्याच ओढीला सुरू झाले. मात्र तापमान नव्वद अंशांच्या पुढे गेले तसे आयडल (गाडी उभी असतानाचा इंजिनाचा वेग) घसरले आणि इंजिन थांबले. पुल-स्टार्टची दोरी आता कसलाही अडथळा नसल्यासारखी सैल येत होती, म्हणजे कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) नाहीसे झाले होते. नवा ग्लो प्लग बसवूनही उपयोग झाला नाही. हेडवर गार पाण्यात भिजवलेले फडके ठेवले आणि इंजिन लगेच सुरू झाले. तापल्यावर मरणारे आणि पाण्याने निववल्यावर जिवंत होणारे इंजिन म्हणजे झिजलेली स्लीव्ह, हे या छंदातली जाणती मंडळी लगेच सांगतील.

एका अनुभवी मित्रासोबत मी हेड उघडले. स्लीव्हच्या वरच्या भागात एक्झॉस्टच्या बाजूला क्रोम उडून पितळाचा पिवळा पट्टा उघडा पडला होता, पिस्टनवर उभे ओरखडे होते आणि कनेक्टिंग रॉडचे खालचे टोक बोटाने हलत होते. सर्वांत महत्त्वाची खूण स्लीव्हच्या बाहेरच्या अंगावर होती: वरच्या कडेला, हत्याराने आवळल्याची ताजी, चमकदार गोल रेघ. झिजलेली स्लीव्ह वरून दाबून पुन्हा निमुळती करण्याच्या या कामाला री-पिंच म्हणतात. तसे सांगून इंजिन स्वस्तात विकणे यात गैर काही नाही. परंतु सकाळच्या गारठ्यात हाताला जाणवलेला तो घट्टपणा नव्या इंजिनाचा म्हणून मला विकला गेला होता, आणि याची मला अजूनही चीड येते.

फोन केल्यावर त्याने उलट मलाच सुनावले की थंडीत नीट न तापवता चालवल्यामुळे इंजिन माझ्याकडूनच खराब झाले. दुपारच्या उन्हातला, थर्मामीटरचा आकडा दिसणारा व्हिडिओ पाठवताच त्याने माझा नंबर ब्लॉक केला. पिस्टन, स्लीव्ह आणि रॉडच्या नव्या संचाला आता जवळपास इंजिनाइतकाच खर्च येतो आहे.

असा व्यवहार ठरवताना विक्रेत्याला दुपारची वेळ मागावी, थर्मामीटर आपला न्यावा, इंजिन शंभर अंशांवर नेऊन बंद करायला सांगावे आणि ते तापलेले असतानाच, पाणी न लावता, पुन्हा सुरू करायला लावावे. त्याच वेळी फ्लायव्हील हाताने फिरवून वरच्या टप्प्याला कॉम्प्रेशन जाणवते का, तेही पाहावे. याला नकार मिळाला, तर आगाऊ रक्कमसुद्धा देऊ नये.