ट्रेडमिलवर डबलबारी: भरडावरच्या जिमचा पावसाळी अनुभव

मालवणात भरडावर, रस्त्याला लागून पहिल्या मजल्यावर जी जिम आहे तिच्याबद्दल लिहितेय. नाव मुद्दाम देत नाही. मालक ओळखीचा आहे आणि मला थोडं वाकडंही लिहायचंय. मालवणातल्यांना कळेलच, बाहेरच्यांनी विचारून घ्यावं. वजनं उचलायच्या भागाबद्दल माझ्याकडून काही अपेक्षा ठेवू नका. तिथे पोरं आरशासमोर उभी असतात, मी तिकडे फिरकत नाही. मी बोलणार फक्त खिडकीकडच्या ओळीबद्दल. तिथे दोन ट्रेडमिल, एक सायकल, एक क्रॉस ट्रेनर आणि कोपऱ्यात रोइंग मशीन आहे. पाच यंत्रं, आणि प्रत्येकाचा कंटाळा वेगळा.

आमचं चिवल्याकडे होमस्टे आहे. मे संपला, किल्ल्याची होडी बंद झाली, स्कुबावाल्यांनी बोटी वर ओढल्या की पाहुणे आटतात आणि माझी धावपळही. एरवी दिवसभर जिने, चूल, बाजार. पावसाळ्यात नुसतं बसणं आणि खाणं. साखर काठावर आली तेव्हा डॉक्टरांनी आठवड्याला किमान दीडशे मिनिटं सांगितली, तीही रमतगमत नाही, जरा दम लागेल अशा चालीची. जागतिक आरोग्य संघटनाही मोठ्या माणसांना हाच आकडा सांगते. पण जुलैत मालवणात चालायचं कुठे? चिवल्याची पुळण लाटांनी खाल्लेली, पाणंदीत शेवाळ, आणि वाऱ्याने छत्री उलटी. म्हणून जूनमध्येच चार महिन्यांचे तीन हजार भरून टाकले. सुट्या महिन्याला हजार घेतात.

घरीच ट्रेडमिल का घेतली नाही, असं बरेच जण विचारतात. माझ्या नणंदेकडे कुडाळात आहे. जून ते सप्टेंबर तिच्यावर नायट्या वाळत असतात.

तर ट्रेडमिल. सगळ्यांची तक्रार एकच, वेळ जात नाही. समोर लाल आकडे पळत असतात. मिनिटं, अंतर, कॅलरी. बघावं तर सात मिनिटं, खूप वेळाने बघावं तर आठ. इथला ट्रेनर पोरगा पेंडूरचा आहे, बोलायला गोड. पहिल्याच आठवड्यात त्याने माझं तोंड बघितलं आणि म्हणाला, "काकी, आकड्यांकडे बघू नकात. बघलास की येळ सरणा नाय." आणि माझ्या खांद्यावरचा पंचा काढून पडद्यावर टाकला. त्याचा हा सल्ला फीच्या निम्म्या पैशांचा आहे. कॅलरीच्या आकड्यावर तर तसाही विश्वास ठेवू नका. तुम्ही वजन घातलं नाहीत तर मशीन आपल्याच मनाने कुठलंतरी वजन धरून हिशोब करतं. आमच्या मशीनवर कोणी वजन घालताना मी अजून पाहिलेलं नाही.

पण पंचा टाकून अर्धंच काम होतं. उरलेलं मला सुचलं ते टीएमटीमुळे, म्हणजे ट्रेडमिलवर चालवून हृदय तपासतात त्या चाचणीमुळे. जिम लावायच्या आधी डॉक्टरांनी कुडाळात ती करून घेतली होती. छातीला वायरी चिकटवलेल्या, दंडाला बीपीचा पट्टा, बाजूला उभी सिस्टर, आणि तरी त्या पट्ट्यावर क्षणभरही कंटाळा आला नव्हता. का, याचा मी नंतर विचार केला. त्या तपासणीची ठरलेली पद्धत असते, अमेरिकेतल्या डॉ. रॉबर्ट ब्रूस यांची, १९६३ पासूनची. पहिली तीन मिनिटं ताशी २.७ किलोमीटर आणि १० टक्के चढ. पुढची तीन ताशी ४ किलोमीटर आणि १२ टक्के. मग ताशी साडेपाचच्या आसपास आणि १४ टक्के. दर तीन मिनिटांनी काहीतरी बदलतं. माणूस 'कधी संपेल' याची वाट बघत नाही, 'आता काय येईल' याची वाट बघतो.

हेच मी जिममध्ये आणलं, माझ्या गुडघ्यांना झेपेल इतपत पातळ करून. वेग ताशी ५ ठेवायचा आणि त्याला हात लावायचा नाही. फक्त चढ बदलायचा: शून्य, दोन, चार, पाच, मग पुन्हा खाली. ५ टक्के चढ म्हणजे शंभर मीटर चाललात तर पाच मीटर वर. ऐकायला काहीच वाटत नाही. पण व्यायामशास्त्रात चालण्याचा जो हिशोब वापरतात त्याप्रमाणे, ताशी ५ च्याच चालीला सपाटीवर जेवढा ऑक्सिजन लागतो त्याच्या दीडपटीहून जास्त या चढावर लागतो. पळायची गरज नाही, गुडघे आपटायची गरज नाही. फक्त दांडा धरू नका. पोरं १२ टक्के चढ लावतात आणि पुढच्या दांड्याला लोंबकळून चालतात. अंग मागे गेलं की चढ नुसता पडद्यावर उरतो. (छातीचा आजार असलेल्यांनी माझं ऐकून चढ लावू नये. आधी डॉक्टर.)

आता डबलबारी. सिंधुदुर्गाबाहेरच्यांसाठी सांगते: दोन बुवा, दोघांचे आपापले संच, पेटी, पखवाज, झांजा, कोरस, आणि रात्रभर भजनातून सामना. एक बुवा बारीत प्रश्न टाकतो, समोरचा आपल्या बारीत उत्तर देतो, आणि उत्तर देता देता दोन टोमणेही हाणतो. जत्रेतल्या, सप्ताहातल्या बाऱ्या लोक मोबाईलवर टाकतात, दोन-दोन तीन-तीन तासांच्या. मी आधी ट्रेडमिलवर मालिका बघून पाहिल्या. मान खाली, पाऊल वाकडं, आणि जाहिरात लागली की परत आकड्यांवर नजर. डोळ्यांना काम दिलं की तोल जातो. काम द्यायचं ते कानांना.

आणि बारीची घडणच या मशीनसाठी केल्यासारखी आहे. सुरुवातीला बुवा संथ असतात, आलाप घेतात, रूपाचा अभंग रंगवतात. तेवढ्यात माझं अंग गरम होतं. मग चाल वाढते, चढ वाढवायचा. आणि गजर लागला की काय विचारता! एकच ओळ, कोरस वरच्या पट्टीत, पखवाजवाला थापेमागून थाप टाकतोय, झांजा कडकडतायत. त्या वेळी ५ टक्क्यांवर पावलं आपोआप पडतात. गजर उतरला की चढ उतरवायचा आणि बुवांचं निरूपण ऐकत श्वास खाली आणायचा. यात मला एक मापही सापडलं. डॉक्टर म्हणाले होते, बोलता यावं पण गाता येऊ नये, एवढा दम लागला पाहिजे. कोरसाबरोबर अख्खी ओळ म्हणता आली तर मी चढ वाढवते. नाडी मोजायच्या मुठींपेक्षा हे बरं. ओल्या हातांना त्या मुठी वाट्टेल ते दाखवतात.

एक नियम मात्र पाळते. अर्धवट राहिलेली बारी घरी ऐकायची नाही. बुवांनी प्रश्न टाकलाय, उत्तर उद्या, पट्ट्यावर. मुलगी पुण्यात असते, ती म्हणाली, आई, यावर अमेरिकेत अभ्यास झालाय. कॅथरीन मिल्कमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये छापलाय. काही जणांना उत्कंठा वाढवणारी ध्वनिपुस्तकं फक्त जिममध्येच ऐकायला दिली, आणि सुरुवातीला ते लोक इतरांपेक्षा ५१ टक्के जास्त वेळा जिमला आले. पुढची गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटली: तिकडच्या थँक्सगिव्हिंग सणाची सुट्टी झाली आणि तो फरक विरला. आमची थँक्सगिव्हिंग म्हणजे चतुर्थी. मुंबईकर येणार, घरात पंधरा माणसं, करंज्या, मोदक, रोज कोणाच्यातरी घरी भजन. चतुर्थीनंतरच्या पहिल्या सोमवारसाठी मी एक जोरदार बारी आत्तापासून राखून ठेवलीय, पहिला गजर ऐकून लगेच बंद केलेली.

सायकलबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. सीट टणक. फोनवर बोलायला उत्तम; माझी सगळी माहेरची बोलणी तिथे होतात आणि त्या भानगडीत पाय कधी मंदावले ते कळत नाही. क्रॉस ट्रेनरवर मी रमले नाही. पाय ठरलेल्याच वाटेने फिरतात, हात ठरलेल्याच वाटेने, मनाला कुठेच शिरकाव नाही. गुडघेदुखीवाल्या बाया त्याच्यावर खूश असतात, कारण त्यात पाऊल आपटत नाही. त्यांच्याशी माझं भांडण नाही.

रोइंग मशीनला मात्र कोणी हात लावत नाही, आणि या जिममधलं सगळ्यात चांगलं यंत्र तेच आहे. आमच्या गावात माणसं ते बघून हसतात. समुद्र पायाशी आणि हे कोपऱ्यात बसून वल्हं मारणार! पोरं बसतात तीही नुसत्या दंडांनी खेचतात आणि पाच मिनिटांत उठतात. माझे सासरे रापणीवर, म्हणजे किनाऱ्यावरून दोरांनी जाळं ओढायच्या मासेमारीला जायचे. ते सांगायचे, दोर हातांनी ओढणारा लवकर बसतो. टाचा पुळणीत रोवून, अंग मागे टाकून ओढायचं. या मशीनचं अगदी तेच. आधी पायांनी ढकलायचं, मग पाठ मागे, शेवटी हात. परत येताना उलट: हात, पाठ, मग गुडघे. क्रम चुकला तर लगेच कळतं, साखळी झटका देते आणि दांडी गुडघ्यावर येते. प्रत्येक ओढीत लक्ष द्यावं लागतं म्हणून कंटाळा यायला फटच सापडत नाही. इथे भजनही लागत नाही, मशीनच्या आतल्या पंख्याचा घूं-घूं आवाज पुरतो.

बाजूला एक ते दहा आकड्यांची कळ असते. पोरं ती दहावर नेतात. त्या कळीने फक्त पंख्यात हवा किती शिरते ते ठरतं. जोर किती ते तुमच्या ओढण्यावर. मी चारावर ठेवते, मिनिटाला वीस-बावीस ओढी. पडदा पाचशे मीटरला किती वेळ लागेल ते दाखवतो, आणि हा एकच आकडा मी पंचाखाली झाकत नाही. तो माझ्या ओढीबरोबर लगेच हलतो. ट्रेडमिलवरची मिनिटं मी काहीही केलं तरी आपल्याच चालीने चालतात.

आणि लाईट. मालवणातला पावसाळा म्हणजे लाईट जाणारच. ट्रेडमिलचा पट्टा पायाखाली थांबतो, म्हणून दांड्याजवळ राहा. जिमच्या इन्व्हर्टरवर ट्यूब आणि पंखे चालतात, ट्रेडमिल नाही. रोइंग मशीनला लाईट लागतच नाही, पडदा सेलवर. जुलैत किती वेळा बुवांना मध्येच थांबवून मी कोपऱ्यात जाऊन बसले, देवाक म्हायती.

आता मालकाला चार गोष्टी. एक पंखा थेट ट्रेडमिलवर हवा. आपल्याकडे पावसात हवा इतकी ओली असते की घाम सुकतच नाही, अंगाला थंडावा मिळत नाही, आणि त्याच वेगाला शेवटच्या दहा मिनिटांत छाती जास्त धडधडते. सध्याचा पंखा आरशाकडे तोंड करून आहे, कारण तिथली पोरं जास्त ओरडतात. सायकलच्या पेडलला गंज चढलाय. खाऱ्या हवेत चढणारच, पण आठवड्याला तेलाचा बोळा फिरवायला कोणाची मनाई आहे? स्पीकरवर सकाळी जे ढणढणतं त्याने माझ्या कानातले बुवासुद्धा गप्प होतात. विनंती केल्यावर कमी करतात, एवढं खरं. आणि दाराकडच्या ट्रेडमिलचा पट्टा सटकतो. चढावर पाऊल टाकलं की क्षणभर मागेच राहतं. मी जूनमध्ये सांगितलंय, आता नारळी पौर्णिमा होऊन गेली.

बाकी जागा स्वच्छ आहे. न्हाणीघरात पाणी असतं, चपला ठेवायला रॅक आहे, ट्रेनर बायकांशी नीट बोलतो. पहाटे साडेपाच ते साडेसात आणि संध्याकाळी सहानंतर पोरांची गर्दी. सकाळी दहा ते बारा या वेळात बायका असतात, त्यातही अकरानंतर यंत्रं रिकामी मिळतात. शेजारच्या ट्रेडमिलवर कोणी ओळखीची भेटली तर भजनही नको. मासेमारी बंदीत सुक्या बांगड्यांचा भाव काय झालाय एवढ्या एका विषयावर वीस मिनिटं सहज निघतात.

यायचं तर खिडकीकडची ट्रेडमिल धरा, कानातले बिनवायरीचे आणा (वायर दांड्यात अडकते), मोठा पंचा आणा. ऑक्टोबरात पाहुणे सुरू झाले की मला इथली गरज नाही, आमचे जिने पुरेसे आहेत. पुढच्या जूनमध्ये पैसे भरीन, पण आधी दाराकडच्या पट्ट्यावर चढ लावून चालून बघणार.