जुना डिझेल पिकअप घेण्याआधी पासिंगचा इतिहास: एमपरिवहन काही महिने वापरल्यानंतरचा अनुभव

एमपरिवहन ॲप, वाहन पोर्टल आणि ई-चलानचं पान जुन्या पिकअपच्या चौकशीसाठी काही महिने सतत वापरल्यावर एक गोष्ट ठामपणे सांगता येते. ही साधनं कामाची आहेत, पण त्यातल्या तारखा एकमेकींशी ताडून पाहिल्या तरच. नुसतं "पासिंग (आरटीओची फिटनेस तपासणी) चालू आहे" एवढं बघून इसार देणार असाल तर ॲप उघडलं काय आणि नाही उघडलं काय, सारखंच.

आधी मर्यादा. नंबर टाकला की नोंदणीची तारीख, मालक कितवा, भारत स्टेज (धुराच्या नियमांचा टप्पा, म्हणजे बीएस) कोणती, कर, विमा, पीयूसी, आरसीवरचा बोजा आणि फिटनेसची मुदत एका ठिकाणी दिसते. फिटनेसची मात्र फक्त चालू मुदत दिसते. आधीचं पासिंग कधी झालं, गाडी कधी परत पाठवली गेली का, कशासाठी, यातलं काहीच नाही. किलोमीटरची नोंद तर नाहीच. ब्रिटनमध्ये नंबर टाकला की प्रत्येक एमओटी तपासणीचा (तिथल्या पासिंगचा) निकाल, त्या दिवशीचं मीटर रीडिंग आणि नापास होण्याचं कारण कोणालाही पाहता येतं. आपल्याकडे ही सोय व्हायलाच हवी. तोवर इतिहास आपणच जुळवायचा.

जुळवणी तारखांवरून होते. मालवाहू गाडीला नवी असताना दोन वर्षं फिटनेस धरलेलं असतं, मग आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी पासिंग. जून २०१७ ची गाडी असेल तर जून २०१९, २०२१, २०२३, २०२५ आणि पुढे दर जून, असा क्रम यायला हवा. काही दिवस मागेपुढे झाले तर हरकत नाही. पण मुदत डिसेंबर किंवा फेब्रुवारीवर सरकलेली दिसली, तर मध्ये कधीतरी गाडी बहुधा काही महिने बिनपासिंगची होती. अपवाद कोरोनाकाळाचा. १ फेब्रुवारी २०२० नंतर संपलेल्या कागदांना केंद्राने ऑक्टोबर २०२१ पर्यंत सवलत दिली होती, तेव्हाचा खंड मालकाच्या माथी मारू नका.

खंड सापडला की त्याच काळातला विमा बघा. विमा चालू आणि पासिंग बंद, म्हणजे गाडी बहुतेक तशीच पळवली. दोन्ही बंद, म्हणजे गाडी बहुधा उभी होती. उभ्या डिझेल गाडीची दुखणी वेगळी: टाकीत पाणी आणि गंज, चिकटलेले इंजेक्टर, गळके व्हील सिलिंडर. अशी गाडी पासिंगपुरती सुरू करून दाखवता येते, भरलेल्या हौद्यासह घाट चढताना मात्र दम टाकते.

विक्रेत्याकडून फिटनेसची जुनी प्रमाणपत्रं, म्हणजे फॉर्म ३८, आणि शुल्काच्या पावत्या मागा. जपून ठेवणारा मालक लगेच काढून देतो. "एजंटकडे आहेत" असं उत्तर आलं तर एजंटचा फोन तिथेच लावायला सांगा.

पीयूसीच्या जुन्या प्रती तर हमखास मागा, कारण डिझेल गाडीच्या इंजिनाची तब्येत सांगणारा आकडा या सरकारी कागदावर मिळतो. त्यावर धुराचं 'के' मूल्य, म्हणजे धूर किती दाट याचं माप, छापलेलं असतं. बीएस-४ गाडीला मर्यादा १.६२ (धुराच्याच हार्ट्रिज या दुसऱ्या मापात ५०), त्याआधीच्या गाड्यांना २.४५ (६५ हार्ट्रिज). मर्यादेच्या आत आहे एवढ्यावर थांबू नका, वर्षागणिक आकडा कसा चाललाय ते बघा. ०.६ वरून १.३ वर गेला असेल तर एअर फिल्टर, नोजल, टर्बो, झालंच तर रिंगा, या क्रमाने शंका घ्या. सलग दोन-तीन वर्षं दशांशापर्यंत तोच आकडा असेल तर तो कागद जमेस धरू नका. सौदा ठरण्याआधी गरम इंजिनावर, आपल्यासमोर नवी पीयूसी काढून घ्यावी. तिचा खर्च अगदी किरकोळ आहे.

चलानांची यादी आम्हाला सगळ्यात बोलकी वाटली. राज्याच्या महाट्रॅफिकवर आणि केंद्राच्या ई-चलान पानावर, दोन्हीकडे बघा. भरलेली चलानंही वाचा, नुसती थकबाकी मोजू नका. कलम १९४ दिसलं की ओव्हरलोड. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याचा दंड २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २,००० आहे. एखादं चलान पकडलं गेल्याचं असतं, सवय त्याहून मोठी असते.

ती सवय पाट्यांवर, म्हणजे चाकांजवळच्या लोखंडी कमानींवर दिसते; जादा भारासाठी तिथे जादा पाटा घालतात. मागच्या चाकाजवळ बसा आणि टॉर्च मारा. त्याच मॉडेलच्या दुसऱ्या गाडीचे पाटे मोजलेले असतील तर उत्तम. मूळ पाट्यांवरचा गंज एकसारखा असतो, मागाहून घातलेला पाटा रंगाने आणि जाडीने वेगळा ओळखू येतो. पासिंगसाठी किंवा विक्रीआधी जादा पाटा काढून टाकला असेल तर यू-बोल्टचे आटे नटाबाहेर गरजेपेक्षा लांब आलेले दिसतात. दोन्ही बाजू सारख्या आहेत का बघा. मग हँगरच्या ब्रॅकेटपाशी चासीवर बोट फिरवा. ताजा काळा रंग फक्त तेवढ्याच जागी असेल तर खाली तडा किंवा वेल्डिंग असू शकतं. रंग खरवडू देत नसतील तर गाडी सोडा.

टायरही तपासा. बाजूवरच्या चौकटीतले चार आकडे म्हणजे आठवडा आणि वर्ष: २३२१ म्हणजे २०२१ चा तेविसावा आठवडा. मागचं पासिंग अलीकडचं असून आज गाडीवर त्याआधी बनलेले, पासिंगमध्ये चालणार नाहीत इतके झिजलेले टायर दिसत असतील, तर पासिंगच्या दिवशीचे टायर बहुधा दुसऱ्या गाडीचे होते. मुळात पासिंगमध्ये ब्रेक, दिवे, धूर, रिफ्लेक्टर पट्ट्या, स्पीड गव्हर्नर असं बघतात. गिअरबॉक्सचा आवाज किंवा ब्रीदरमधून (इंजिनातला वायू बाहेर सोडणाऱ्या नळीतून) येणारा धूर त्यात येत नाही. ऑइलचं झाकण उघडून चालू इंजिनावर तो आपणच बघायचा.

अपघाताचा माग विम्यात लागतो. नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न घेतल्याबद्दल हप्त्यावर मिळणारी सूट, २०, २५, ३५, ४५, ५० टक्के असा चढत जातो. मालक तोच असताना मध्येच शून्यावर आला असेल तर बहुधा त्याआधीच्या वर्षी क्लेम घेतलाय किंवा पॉलिसीत मोठा खंड पडलाय. विक्रेत्याला नेमकं तेच विचारा. किलोमीटरसाठी मालकाला सोबत घेऊन कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला चासी नंबरवरून जॉबकार्डांची यादी मागावी. बाहेर दुरुस्त झालेल्या गाडीची यादी अर्धवट निघते, पण शेवटची नोंद आजच्या मीटरपेक्षा जास्त निघाली तर पुढे बोलायची गरज नाही.

ॲपवर बोजा दिसत असेल आणि मालक "कर्ज केव्हाच फिटलं" म्हणत असेल, तर बँकेची एनओसी आणि सही-शिक्क्याचे दोन फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नका. आठ वर्षांवरच्या गाडीला महाराष्ट्रात पर्यावरण कर लागतो, तो आणि फिटनेस उशिराचं शुल्क थकलं असेल तर किमतीतून वजा करून घ्या. चासी नंबरचा पेन्सिल छाप सौद्याच्या दिवशीच काढा आणि आरसीशी अक्षर न् अक्षर जुळवा. फॉर्म २९ आणि ३० वर विक्रेत्याच्या सह्या त्याच बैठकीत घ्या, कारण घेणाऱ्याला नाव बदलाचा अर्ज ३० दिवसांत करायचा असतो.